विगनने एफए कप जिंकला आणि तीन दिवसांत रेलिगेटही झाली, मग तो फ्लूक होता का?

प्रश्न दोन भागात आलाय. पहिला, २०१२-१३ च्या एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नॉकआऊट स्पर्धेत, विगन अॅथलेटिक मँचेस्टर सिटीला फायनलमध्ये हरवते आणि तीन दिवसांनी प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली जाते (रेलिगेट होते), तर त्या कपला फ्लूक म्हणायचं का. आणि दुसरा, आपल्याकडच्या नॉकआऊट स्पर्धेत छोट्या टीमने त्यातून काय घ्यायचं. मी बरीच वर्षं कोल्हापुरात कोचिंग करतोय, इथे लीगसोबत नॉकआऊटच्या स्पर्धा असतातच, त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, आणि तो सीझन मी आमच्या पोरांना पुन्हा पुन्हा दाखवतो. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी सरळ उत्तर. नाही, फ्लूक नव्हता. ड्रॉ सोपा पडला हे खरंय, ते मी खाली सांगतो, पण फायनल विगनने फुटबॉल खेळून जिंकली, मागे बसून नाही. आणि रेलिगेशनचं म्हणाल तर लीग आणि कप या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, एकीत पास झालं म्हणजे दुसरीत होणारच असं काही नसतं. ३८ मॅचच्या लीगमध्ये तुमचा सोळावा सतरावा प्लेयर कसा आहे, जानेवारीत तीन डिफेंडर जखमी झाले तर मागे कोण उभं राहणार, हे सगळं बाहेर येतं. कपमध्ये विगनला सात मॅच खेळायला लागल्या, जानेवारी ते मे, आणि प्रत्येक मॅचला एकच प्रश्न होता, आज समोर हा आहे, याला आज कसं हरवायचं.

आकडे बघा म्हणजे कळेल. लीगमध्ये विगनने त्या सीझनला ७३ गोल खाल्ले, ३६ पॉइंट, १८ वा नंबर. कपच्या सात मॅचमध्ये त्यांनी १३ गोल मारले आणि खाल्ले फक्त २. क्लब तोच, मॅनेजर तोच रॉबेर्तो मार्टिनेझ, बरेचसे प्लेयरही तेच.

आता तो सीझन नीट समजायचा तर स्पर्धेची रचना माहीत पाहिजे. एफए कपमध्ये सातशेच्या वर क्लब उतरतात, ऑगस्टपासून गावागावातल्या टीम पात्रता फेऱ्या खेळत असतात, प्रीमियर लीगवाले येतात थेट तिसऱ्या राउंडला, जानेवारीत, तेव्हा ६४ टीम उरलेल्या असतात. आणि सीडिंग नाही, म्हणजे मोठ्या टीमना ड्रॉमध्ये एकमेकींपासून लांब ठेवत नाहीत! ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. प्रत्येक राउंडचा ड्रॉ वेगळा, जिचं नाव आधी निघेल तिच्या घरी मॅच. त्या काळात मॅच बरोबरीत सुटली तर रिप्ले असायचा, दुसऱ्या टीमच्या ग्राउंडवर. (२०२४-२५ पासून पहिल्या राउंडपासूनचे रिप्ले बंद केले, मला ते अजिबात पटलेलं नाही, छोट्या क्लबला मोठ्या स्टेडियमवर एक रिप्ले मिळाला तर त्यांचं वर्षाचं गणित सुटायचं.)

आणि तो सीझन फक्त विगनचा नव्हता हो. डिसेंबरमध्ये दुसऱ्या राउंडला एमके डॉन्स आणि एएफसी विंबल्डन पहिल्यांदाच समोरासमोर आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९८८ मध्ये लिव्हरपूलला फायनलमध्ये १-० हरवून कप जिंकणारा विंबल्डन क्लब पुढे उचलून मिल्टन कीन्स या शहरात नेला, तोच एमके डॉन्स झाला, आणि लंडनमधल्या फॅन्सनी २००२ मध्ये स्वतःचा नवीन क्लब काढून अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली, तो एएफसी विंबल्डन. दहा वर्षांनी ड्रॉमध्ये ही जोडी निघाली. एमके डॉन्सने २-१ जिंकली, शेवटच्या इंज्युरी टाइममध्ये ऑट्सेमोबोरने टाचेने मारलेला गोल. मला त्या दिवशी विंबल्डनच्या फॅन्ससाठी फार वाईट वाटलं, अजूनही तो गोल बघवत नाही. तेच एमके डॉन्स मग चौथ्या राउंडला क्यूपीआरच्या (क्वीन्स पार्क रेंजर्स) घरी जाऊन ४-२ जिंकले, आणि क्यूपीआर तेव्हा प्रीमियर लीगमध्ये होती.

चौथा राउंड म्हणजे २६ आणि २७ जानेवारी २०१३, हा वीकेंड कोणत्याही कोचने अभ्यासावा असा आहे. ल्यूटन टाउन तेव्हा पाचव्या पायरीवर (पहिली पायरी म्हणजे प्रीमियर लीग), कॉन्फरन्समध्ये. ती नॉर्विचच्या घरी गेली आणि १-० जिंकली, ८० व्या मिनिटाला स्कॉट रेंडेलचा गोल. १९८९ मध्ये सटन युनायटेडने कोव्हेंट्रीला हरवलं होतं, त्यानंतर पहिल्यांदा नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्या खालच्या, टीमने सगळ्यात वरच्या पायरीवरच्या टीमला कपमधून बाहेर काढलं. (हीच ल्यूटन २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये पोचली, दहा वर्षांत.) दुसऱ्या दिवशी ओल्डहॅमने, तिसऱ्या पायरीवरची टीम, लिव्हरपूलला ३-२ हरवलं, मॅट स्मिथ नावाच्या उंच स्ट्रायकरने दोन गोल केले. आणि कोचचं आयुष्य कसं असतं बघा, ओल्डहॅमचे मॅनेजर पॉल डिकोव्ह यांनी लिव्हरपूलला हरवलं आणि आठवड्याभरात लीगमध्ये हरल्यावर त्यांची नोकरी गेली. म्हणजे लीग आणि कप वेगळे हा मुद्दा विगनच्या आधीच त्या सीझनमध्ये दिसून गेला होता.

या सगळ्या उलटफेरांत एक गोष्ट सारखी दिसते, मोठ्या टीमने बरेच प्लेयर बदललेले. नॉर्विचने बदलले, लिव्हरपूलनेही बदलले. बदलणं चूक नाही, त्यांना लीगचं ओझं असतं. पण दुसऱ्या फळीचे अकरा जण एकत्र क्वचितच खेळलेले असतात, सेंटर बॅक आणि कीपर यांच्यात बोलणं नसतं, उंच बॉल आला की कोणी जायचं हे ठरलेलं नसतं. ओल्डहॅमने नेमकं तेच धरलं, बॉक्समध्ये क्रॉस टाकत राहिले. छोट्या टीमच्या कोचने समोरच्या टीमची लिस्ट हातात आली की पहिल्यांदा हे बघायचं की यातले कोण दोघं शेजारी शेजारी नवीन आहेत, आणि बॉल तिथे पाठवायचा.

आता विगन. विगन हे रग्बी लीगचं गाव, फुटबॉल तिथे कायम दुसऱ्या नंबरवर. (त्याच २०१३ मध्ये विगनच्या रग्बी टीमने चॅलेंज कप पण जिंकला, दोन्ही टीम एकाच स्टेडियमवर खेळतात.) क्लबचे तेव्हाचे मालक डेव्ह व्हेलन. हे स्वतः १९६० च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळताना पाय मोडून बाहेर गेले होते, तेव्हा सबस्टिट्यूट नसायचा, टीम दहा जणांवर खेळली आणि वुल्व्ह्जकडून ३-० हरली. १९९५ ला त्यांनी विगन घेतला तेव्हा क्लब चौथ्या पायरीवर होता, आणि त्याच वर्षी त्यांनी स्पेनहून तीन पोरं आणली, त्यातला एक हाच मार्टिनेझ. दहा वर्षांत, २००५ ला, क्लब प्रीमियर लीगमध्ये. मग बऱ्याच वर्षी शेवटच्या दोन महिन्यांत धावाधाव करून वाचायचे.

त्यांचा रस्ता असा होता. तिसऱ्या राउंडला बोर्नमथशी घरी १-१, म्हणजे तिसऱ्या पायरीवरच्या टीमशी घरच्या ग्राउंडवर बरोबरी, रिप्लेमध्ये १-०. मग मॅकल्सफील्ड, ही नॉन-लीग, तिथे पेनल्टीवर १-०. मग हडर्सफील्डला ४-१. इथपर्यंत कोणी लक्षही दिलं नव्हतं आणि द्यायचं कारणही नव्हतं. सेमी फायनल मिलवॉलशी, २-०, ती पण खालच्या पायरीवरची. म्हणजे फायनलपर्यंत प्रीमियर लीगची एकच टीम भेटली, एव्हर्टन. तर हो, ड्रॉ चांगला पडला. पण ड्रॉ पडला म्हणून कप मिळत नाही, त्याच स्पर्धेत आर्सेनल घरी ब्लॅकबर्नकडून ०-१ हरली होती, सोपा ड्रॉ त्यांनाही होता.

एव्हर्टनची मॅच मात्र वेगळी. ९ मार्च, गुडिसन पार्क, क्वार्टर फायनल. विगनने ३० व्या मिनिटापासून चार मिनिटांच्या आत तीन गोल मारले. फिगेरोआचा कॉर्नरवर हेडर, मग लगेच फिल नेव्हिलचा मागे दिलेला पास कमी पडला आणि कॅलम मॅकमॅनमनने कीपरच्या डोक्यावरून बॉल उचलला, मग जॉर्डी गोमेझ. ०-३. आमच्याकडे पोरं गोल झाला की नाचण्यात दोन मिनिटं घालवतात आणि पुढच्याच मूव्हला गोल खातात, त्यांना मी ही चार मिनिटं दाखवतो. गोल खाल्ल्यावर समोरची टीम सगळ्यात विस्कळीत असते, त्या वेळी मागे जायचं नाही, तिथेच दाबायचं.

फायनल ११ मे २०१३, वेंबली, ८६ हजारांवर लोक. सिटी आदल्या वर्षीची लीग चॅम्पियन. फायनलपर्यंत सिटीने १५ गोल मारलेले आणि फक्त १ खाल्लेला. विगन त्या मंगळवारी घरी स्वानसीकडून २-३ हरून आलेली, लीगमध्ये बुडायच्या काठावर. नेहमीचा लेफ्ट बॅक फिगेरोआ नाही, त्या जागी रॉजर एस्पिनोझा, जो मुळात मिडफिल्डर. गोलमध्ये लीगभर खेळलेला अल-हब्सी नाही तर जानेवारीत लोनवर आलेला तरुण स्पॅनिश पोरगा होएल रोब्लेस.

कीपरबद्दल एक गोष्ट सांगतोच. मार्टिनेझनी आपल्या रोब्लेसवर फायनलला विश्वास ठेवला आणि त्याने पहिल्या हाफमध्ये सिटीच्या तेवेझचा जवळून आलेला शॉट पायाने अडवला, तो गेला असता तर सगळीच मॅच वेगळी झाली असती. उलट सिटीकडे कपमध्ये पँटिलिमॉन खेळत होता, सेमी फायनललाही तोच होता, आणि फायनलला त्याला बसवून जो हार्टला खेळवलं. हार्ट मोठा कीपर, गोलमध्ये त्याची फार चूकही नव्हती. पण मी कधीच असं करणार नाही. ज्याने टीमला फायनलपर्यंत आणलं त्याला फायनलला बसवलं की ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना एकच निरोप जातो, की साहेबांचा आपल्यावर भरवसा नाही. सिटीत तसंही वातावरण बिघडलेलंच होतं, मॅनेजर मॅन्सिनी जाणार आणि पेलेग्रिनी येणार अशा बातम्या फायनलच्या आधीच फिरत होत्या.

आता मॅचचा मुख्य मुद्दा, तो म्हणजे विंग. सिटीचे सिल्वा आणि नासरी हे दोघे कागदावर बाजूला पण खेळताना सतत आत यायचे, ती त्यांची ताकद. पण ते आत गेले की त्यांच्या मागचा फुल बॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, एकटा पडतो. मार्टिनेझनी उजव्या बाजूला मॅकमॅनमनला अगदी टचलाइनला ठेवलं, बावीस वर्षांचा, विगनच्याच अकॅडमीतून आलेला, आणि बॉल मिळाला की थेट सिटीचा लेफ्ट बॅक क्लिशीच्या अंगावर. पहिल्या दहा मिनिटांतच तो आत घुसून शॉट मारून गेला, बॉल थोडक्यात बाहेर. त्यानंतर क्लिशी वर जायला कचरायला लागला, सेंटर बॅक नास्तासिच त्याच्या मदतीला सरकायला लागला, आणि मध्ये जागा उघडली. एक पोरगा दोघांना गुंतवून ठेवतोय म्हणजे बाकी मैदानावर तुमचा एक माणूस जास्त झाला. मागे मॅकार्थी आणि मॅकार्थर हे दोघे मिडफिल्डर शांतपणे पास देत राहिले, घाईत लांब बॉल मारून मोकळे झाले नाहीत. विगनने त्या दिवशी पास खेळून सिटीला मागे ढकललं, हे लोक विसरतात कारण सगळ्यांना शेवटचा गोलच आठवतो.

आणि मॅकमॅनमनला थांबवण्याच्याच नादात झाबालेटा ८४ व्या मिनिटाला दुसरं यलो घेऊन बाहेर गेला. झाबालेटा म्हणजे राइट बॅक, तो मॅकमॅनमनच्या बाजूचा नव्हताच. मॅकमॅनमन मध्यातून सुटला, त्याला मागून पाडायला झाबालेटाला यायला लागलं. रेड कार्ड नशिबाने मिळालं असं म्हणतात त्यांनी मॅच परत बघावी, ८० मिनिटं एक पोरगा अंगावर धावत राहिला की कोणाचा तरी पाय चुकणारच.

तीन मिनिटं आधी, ८१ व्या मिनिटाला, मार्टिनेझनी गोमेझला काढून बेन वॉटसनला आणलं होतं. या वॉटसनचा नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध पाय मोडला होता, नुकताच परत आलेला. बरेच कोच ०-० असताना, समोर सिटी असताना, डिफेंडर आणतात आणि एक्स्ट्रा टाइमची वाट बघतात. मार्टिनेझनी पास देऊ शकणारा मिडफिल्डर आणला. इंज्युरी टाइमच्या पहिल्या मिनिटाला मलोनीचा कॉर्नर, वॉटसन निअर पोस्टला (कॉर्नरच्या जवळच्या खांबाला) सिटीच्या रॉडवेलच्या पुढे गेला, डोक्याचा हलका स्पर्श, बॉल हार्टच्या वरून आत. १-०. रॉडवेल स्वतः सबस्टिट्यूट होता, आणि टीम नुकतीच दहावर आलेली. दहा जण झाले की कॉर्नरला कोण कोणाला धरणार हे परत ठरवायला लागतं, आणि ते ठरवायला सिटीला वेळच मिळाला नाही. समोरच्या टीमचा एक माणूस बाहेर गेला की पुढचे दोन-तीन सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) सगळ्यात मोलाचे, ते घाईत उरकायचे नाहीत.

मग मंगळवारी, १४ मे ला, आर्सेनलच्या घरी मॅच, ४-१ हरले आणि रेलिगेट. एकाच सीझनमध्ये कप जिंकून खाली जाणारा एफए कपच्या इतिहासातला पहिला क्लब. याआधी ब्राइटन १९८३, मिडल्सब्रो १९९७, पोर्ट्समथ २०१० या टीम फायनलला जाऊन त्याच सीझनला रेलिगेट झालेल्या, पण तिघीही फायनल हरल्या होत्या. आणि हरलेल्या सिटीने १३ मे ला मॅन्सिनींना काढलं, लीग जिंकून बरोबर एक वर्ष झालं त्याच दिवशी. पैशाचा हिशोब केला तर कपचं बक्षीस १८ लाख पौंड, आणि प्रीमियर लीगमधून खाली जाण्याचं नुकसान त्याच्या कित्येक पट. म्हणून कोणी कोणी म्हणतं की विगनने कप सोडून लीगवर लक्ष द्यायला पाहिजे होतं. मला हे अजिबात मान्य नाही. लीग त्यांनी कपमुळे घालवली नाही, ७३ गोल खाऊन घालवली. डिफेन्सवाले एकामागून एक जखमी होत गेले, बेंच छोटी, दर आठवड्याला मागची लाइन वेगळी. अशी टीम एका दिवशी सगळं जमवू शकते, ३८ वेळा नाही. आणि विगनच्या माणसाला विचारून बघा, प्रीमियर लीगमधलं अजून एक १७ वं स्थान पाहिजे होतं का तो कप.

फ्लूकच्या प्रश्नावर शेवटचा पुरावा पुढच्या वर्षांचा. मार्च २०१४, विगन आता दुसऱ्या पायरीवर, मार्टिनेझ एव्हर्टनला गेलेले, आणि क्वार्टर फायनलला परत सिटी, यावेळी सिटीच्या घरी. विगन २-१ जिंकली, सेमी फायनलला आर्सेनलशी १-१ करून पेनल्टीवर हरली. फेब्रुवारी २०१८, विगन तिसऱ्या पायरीवर, समोर ग्वार्डिओलांची सिटी, विल ग्रिगचा गोल, १-०. तीन वेगळे मॅनेजर, जवळपास पूर्ण वेगळे प्लेयर. एका क्लबने एकाच मोठ्या टीमला कपमधून तीनदा बाहेर काढलं तर त्याला नशीब कसं म्हणणार.

आता तुमच्या टीमसाठी. तुमच्याकडे अठरा पोरं असतील, त्यातली तेरा-चौदा खरी. नॉकआऊटला तेवढी पुरतात. समोर मोठी टीम आली की सगळ्यांना मागे ओढू नका, तुमचा सगळ्यात वेगवान आणि न घाबरणारा पोरगा एका बाजूला टचलाइनला ठेवा आणि त्याला मागे येऊन डिफेन्स करायच्या कामातून थोडं मोकळं करा, म्हणजे समोरचा फुल बॅक वर येणार नाही. त्याचा बॉल गेल्यावर ओरडू नका, दहापैकी सात वेळा जाणारच. कीपर आधीच ठरवा आणि फायनलपर्यंत बदलू नका. कॉर्नरची एक निअर पोस्टची मूव्ह आठवडाभर रोज शेवटची दहा मिनिटं करा, दमलेल्या पायांनी, कारण मॅचमध्ये ती दमलेल्या पायांनीच करायची आहे. पेनल्टीचा सराव करा पण मॅच तिथे न्यायची म्हणून खेळू नका. आणि ७५ व्या मिनिटाला बरोबरी असेल तर बेंचवरून ज्याचा पास चांगला आहे त्याला आणा. २०१३ ची फायनल पूर्ण मिळाली तर हायलाइट्स न बघता पहिली वीस मिनिटं फक्त क्लिशी कुठे उभा आहे ते बघत बसा, पोरांनाही तेच बघायला सांगा.